चपला, ताट आणि मोरी : अंगणवाडीतील जीवनकौशल्यांविषयी शासनास खुले पत्र

महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागात आणि शालेय शिक्षण विभागात बालशिक्षणाची आखणी करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

मी बारा वर्षे अंगणवाडी सेविका होते आणि त्यानंतर एकोणीस वर्षे मुख्यसेविका, म्हणजे अनेक अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात काम केले. आता निवृत्त आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सामाजिक कौशल्ये आणि जीवनकौशल्ये कशी यावीत, हा विषय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यामागोमाग ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षे वयोगटाच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ठळकपणे पुढे आणला, याचा मला मनापासून आनंद झाला. भावना ओळखणे, इतरांशी जुळवून घेणे, कामाविषयी आणि सेवेविषयी आपुलकी वाटणे, या गोष्टींना अक्षरओळखीच्या बरोबरीचे स्थान देणारा सरकारी दस्तऐवज माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हाती कधी आला नव्हता. म्हणूनच तो दस्तऐवज अंगणवाडीच्या उंबऱ्यापर्यंत येईतो त्याचे काय होते, हे आपल्यापर्यंत पोहोचवणे मला माझे कर्तव्य वाटते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी एका अंगणवाडीत गेले होते, तेव्हा मुलांपुढे चांगल्या सवयींची चित्रपत्रिका होती. हात धुणारा मुलगा, रांगेत उभी असलेली मुले आणि भांडणारी मुले अशी चित्रे तिच्यावर होती आणि चांगल्या सवयीभोवती गोल करायचा होता. बावीस मुलांपैकी एकोणीस जणांनी हात धुणाऱ्या मुलाभोवती अगदी बरोबर गोल केला. सेविकेने ते कागद गोळा केले, फाइलला लावले आणि मुले आहार घ्यायला बसली. त्या दिवशी मोरीतली बादली रिकामी होती, हातपंप दुरुस्तीला आला होता आणि मदतनीस पाणी आणायला विहिरीवर गेली होती. एकाही मुलाने हात धुतले नाहीत. सेविकेचा यात काही दोष नव्हता, कारण पत्रिका भरून घेणे हे तिच्या कामाच्या यादीत होते आणि बादली भरलेली असणे हे कोणाच्याच यादीत नव्हते. माझे सगळे म्हणणे या एका प्रसंगात आहे. या वयाची जीवनकौशल्ये दिवसाच्या क्रमात राहतात. चपला काढण्यात, पाणी ओतून घेण्यात, ताट उचलण्यात आणि झोक्यासाठी थांबण्यात राहतात. तो क्रम नीट चालण्यासाठी लागणारा वेळ, माणसे आणि वस्तू आपण दिल्या, तर ती मुलांमध्ये येतात. त्यांचा वेगळा तास लावून, वेगळा कागद छापून ती येत नाहीत.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉंटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे त्यांनी एकदा मुलांना आवाज न करता नाक कसे शिंकरावे हे रुमाल घेऊन सावकाश दाखवले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्या गोष्टीसाठी मोठी माणसे त्यांना सतत रागावत होती, ती कशी करायची हे तोवर त्यांना कोणी शांतपणे दाखवलेलेच नव्हते. आपल्या मातीत हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी रुजवले. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव आणि ही कल्पना तिथली आहे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, अंगण झाडणे यापासून त्यांचा दिवस सुरू होई आणि हेच शिक्षण आहे, अशी त्यांची स्पष्ट धारणा होती. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव आपण घेतले, पण अंगणातल्या त्या दिवसक्रमाला शिक्षण मानण्याची दृष्टी मात्र वाटेत कुठेतरी मागे राहिली, असे मला तीस वर्षे वाटत आले आहे.

आहाराच्या वेळेचे उदाहरण मी थोडे विस्ताराने देते, कारण माझ्या मते अंगणवाडीतील सर्वांत मोठा वर्ग हाच आहे आणि आपल्या वेळापत्रकात तो फक्त पूरक पोषण म्हणून नोंदला जातो. बहुतेक ठिकाणी मुले रांगेत बसतात, मदतनीस भराभर खिचडी वाढत जाते, पंधरा मिनिटांत सगळे आटोपते आणि मुले घरी पळतात. माझ्या बीटमधल्या (माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांमधल्या) एका वयस्क सेविकेने हे बदलले. तिने रोज दोन मुलांना वाढपी केले. त्यांना लहान डाव आणि अर्धे भरलेले छोटे पातेले दिले. चार वर्षांचे मूल पहिल्या दिवशी पहिल्या तिघांच्या ताटात सगळी उसळ रिकामी करते आणि चौथ्यापाशी येऊन गोंधळून उभे राहते. त्या सेविकेने तेव्हा घाई केली नाही. ती एवढेच म्हणाली, "अजून किती जण राहिले, बघ बरं." मूल मागे वळून ती रांग बघते, हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या हातातल्या पातेल्याचा आणि शेवटी बसलेल्या मुलाच्या भुकेचा काही संबंध आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटताना दिसते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते मूल एकेक डाव वाढू लागते, "तुला अजून हवं का?" असे विचारू लागते आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात बळेच वाढायचे नसते हेही शिकते. मोजणे, अंदाज, थांबणे, विचारणे, दुसऱ्याचे ऐकणे हे सारे त्या एका पातेल्यात आहे. सांडलेले पुसायला तिने मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी दोन फडकी टांगली होती. सांडल्यावर कोणी रडत नसे. फडके आणायला जात असे.

याच आहाराच्या वेळेशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे आणि तिच्याविषयी गप्प बसणे योग्य होणार नाही. एका गावात काही पालकांनी आपल्या मुलांची ताटे वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांवर खूण करू द्यावी, असे सेविकेला सुचवले. कारण बोलून दाखवले नव्हते, पण ते सर्वांना ठाऊक होते. सेविका त्याच गावची होती आणि तिला तिथेच राहायचे होते. तिने वाद घातला नाही. सगळी ताटे एका चळतीत ठेवायची आणि वरचे ताट ज्याच्या हाती येईल त्याचे, असा तिने मुलांचा नियम केला आणि मुलांनीच तो घरी जाऊन सांगितला. दोन महिन्यांनी तो विषय मागे पडला. मुलांच्या विकासाच्या नोंदवहीतल्या सहकार्य करतो, होय की नाही, या रकान्यात हे कसे मावणार? पण समता आणि सहजीवन या शब्दांना त्या वयात जो अर्थ असू शकतो, तो एवढाच आणि असाच असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भांडणांविषयी. प्रशिक्षणांत आम्हाला भांडण मिटवायला शिकवले गेले आणि मिटवणे म्हणजे दोघांना दूर करणे, चूक कोणाची ते ठरवणे आणि चुकलेल्याला सॉरी म्हणायला लावणे, असा आमचा समज झाला. साडेतीन वर्षांच्या मुलाला सॉरी हा शब्द दोन दिवसांत येतो. ढकलायचे, सॉरी म्हणायचे आणि पुन्हा ढकलायचे, असा त्याचा वापरही ते लगेच शिकते. मला उशिरा कळले की अशा वेळी सेविकेने आधी खाली बसावे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे, मारणारा हात हळूच धरावा आणि मग दोघांनाही काय झाले ते सांगू द्यावे. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याला ते द्यावेत. "तुला तो ट्रक हवा होता आणि त्याने दिला नाही, म्हणून तुला राग आला" एवढे वाक्यसुद्धा मुलाला मोठा आधार देते. हे वाक्य त्याच्या घरच्या बोलीत असावे. आमच्याकडची ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांतील मुले, कोसबाडकडची वारली मुले, लमाण तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले यांना प्रमाण मराठीतला राग आणि दुःख परक्यासारखे वाटतात. रडताना माणूस आईच्या भाषेत रडतो. म्हणून सेविकेने स्थानिक बोलीतील भावनांचे वीस-पंचवीस शब्द तरी जाणून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे आणि ही सूचना अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत घालण्यास काही खर्च येणार नाही.

झोक्याच्या भांडणावर मुलांनीच शोधलेला उपाय मी एका अंगणवाडीत पाहिला. थांबलेली मुले मोठ्याने वीस झोके मोजत आणि विसाव्या झोक्याला बसलेले मूल उतरत असे. ज्यांना वीसपर्यंत अंक येत नव्हते, तेही मोजण्यात सूर मिसळत. तिथे सेविकेचे काम एवढेच होते की तिने मध्ये पडू नये.

मुलाच्या नकाराचाही मान राखायला हवा. आपल्याकडे लहान मुलाचा गालगुच्चा घेणे, त्याला हवे-नको न विचारता उचलून घेणे, पाहुण्यांना पापा दे म्हणून आग्रह करणे, हे सगळे लाडाचे समजले जाते आणि करणाऱ्याच्या मनात बहुधा काही वावगे नसतेच. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा ज्या धोक्यापासून मुलांना वाचवू पाहतो, त्या धोक्यासमोर उभ्या असलेल्या मुलाकडे सर्वांत आधी लागणारी गोष्ट म्हणजे मोठ्या माणसाला नको म्हणता येणे. ते त्याला एका दिवसाच्या भाषणाने येणार नाही. मदतनीस त्याचे नाक पुसण्याआधी "पुसू का?" असे विचारते, सेविका मांडीवर घेण्याआधी हात पुढे करून थांबते आणि त्याने मान हलवली तर खरोखर थांबते, हे त्याने दोनतीन वर्षे रोज अनुभवलेले असले, तर आपले शरीर आपले आहे हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

एका मुलीची आठवण मला इथे नमूद करावीशी वाटते. ती पाच वर्षांची होती आणि सव्वा वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येत असे. ती त्याला भरवी, झोपवी, त्याचे तोंड धुई आणि आहार संपल्यावर सगळ्यांची ताटे न सांगता गोळा करी. नोंदवहीत तिच्यासमोर स्वावलंबन, जबाबदारी, सहकार्य अशा सर्व रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. पण तिला मी कधी खेळताना पाहिले नव्हते. त्या अंगणवाडीच्या मदतनीसने रोज अर्धा तास त्या भावाला स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती मुलगी पहिले चारपाच दिवस नुसती भिंतीला टेकून बसली. हातात काही नसले की काय करायचे असते, हेच तिला माहीत नव्हते. नंतर ती मातीत खेळू लागली. खेड्यातली आणि पाड्यावरची अनेक मुले आपल्या यादीतील कौशल्ये घरूनच घेऊन येतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्त घेऊन येतात, आणि त्यांना अंगणवाडीने द्यायची गोष्ट असते ती मोकळा वेळ. याउलट शहरातील माझ्या नातलगांच्या घरी चार वर्षांच्या मुलाला मोबाइल दाखवत भरवले जाते, त्याच्या बुटांचे बंद आई बांधते आणि त्याचे दप्तर आजोबा उचलतात. या दोन मुलांना एकाच तक्त्यावर मोजणे अन्यायाचे आहे. मुलींच्या हाती झाडू आणि मुलग्यांच्या हाती चेंडू ही वाटणीसुद्धा याच वयात पक्की होते, आणि ती मोडायची असेल तर वाढपी आणि झाडणारे कोण, याची पाळी भिंतीवर चित्रांनी लावून ठेवणे पुरेसे असते.

खासगी नर्सरी आणि केजी वर्गांविषयी थोडेच लिहिते, कारण त्यांचा मला अनुभव कमी आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असे सांगितले होते. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने शाळाप्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली. तरीही तिसऱ्या वर्षी मुलाने पेन्सिल धरावी, हा आग्रह पालकांच्या मनातून गेलेला नाही आणि शाळा त्या आग्रहाला नाही म्हणू शकत नाहीत. आता तर या वर्गांत जीवनकौशल्यांचीही वेगळी पुस्तके आणि वेगळे शुल्क येऊ लागले आहे. २०२२ चा आराखडा तीन ते सहा वयोगटासाठी पाठ्यपुस्तके ठरवून देऊ नयेत असे म्हणतो. त्याची अंमलबजावणी शालेय शिक्षण विभागाने करावी, एवढीच माझी विनंती आहे.

आता अंगणवाडीच्या बाबतीत माझ्या नेमक्या मागण्या. पूरक पोषण, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असलेल्या मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवणे) आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवांचा भार एका सेविकेवर आहे आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक सेवेची नोंद आता मोबाइलवर होते. मूल भांडत असताना सेविका ज्या हाताने त्याला धरू शकली असती, त्या हातात बऱ्याचदा फोन असतो. मुले अंगणवाडीत असतानाचे किमान दोन तास कोणतीही नोंद, कोणतेही छायाचित्र आणि कोणताही वरिष्ठांचा फोन तिच्याकडून अपेक्षिला जाणार नाही, असा लेखी आदेश विभागाने काढावा. मी स्वतः मुख्यसेविका असताना त्या वेळात सेविकांना अनेकदा फोन केले आहेत, याची मला खंत आहे.

दुसरी मागणी मदतनीसची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलाला घरून आणणे, चपला काढायला लावणे, हात धुणे, शौचास नेणे, वाढणे, पुसणे, झोपलेल्याला थोपटणे हे सारे मदतनीस करते. म्हणजे ज्याला आपण जीवनकौशल्यांचे शिक्षण म्हणतो, त्याचा मोठा भाग रोज तिच्या हातून होतो. माझ्या एकतीस वर्षांत बालशिक्षणाच्या एकाही प्रशिक्षणाला मदतनीसला सेविकेच्या शेजारी बसवलेले मी पाहिले नाही. तिला केंद्र झाडायला आणि आहार शिजवायला मागे ठेवले जाई. यापुढील प्रत्येक प्रशिक्षण दोघींचे एकत्र व्हावे, त्यातला निम्मा वेळ चालू अंगणवाडीत मुलांबरोबर जावा आणि मदतनीसला त्याचा वेगळा भत्ता मिळावा.

तिसरे म्हणजे सामाजिक आणि भावनिक विकासाच्या नोंदीतून होय-नाहीचे रकाने आणि श्रेणी काढून टाकाव्यात. त्यांच्या जागी सेविकेने महिन्याला प्रत्येक मुलाविषयी तिने पाहिलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहावी आणि ती गृहभेटीत आईला वाचून दाखवावी. "आज यानं पडलेल्या मुलीला उठवलं आणि तिची चप्पल शोधून दिली," हे ऐकताना आईचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलेले आहे. ती नोंद वर पाठवू नये आणि तिची बेरीजही करू नये.

शेवटची गोष्ट बांधकामाची आहे. अंगणवाड्यांच्या ज्या नव्या इमारती मी पाहिल्या, त्यांतील बहुतेक ठिकाणी हात धुण्याचा नळ मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर होता, खुंट्या त्याहून वर होत्या आणि पाण्याचा माठ ओट्यावर होता. तीन वर्षांच्या मुलाला तिथे प्रत्येक गोष्टीसाठी कोणाला तरी हाक मारावी लागते आणि मग आपण त्याच्या स्वावलंबनाची नोंद करतो. यापुढे मंजूर होणाऱ्या प्रत्येक नकाशात एक नळ जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर असावा, चपलांची फळी दाराशी जमिनीलगत असावी, खुंट्या मुलांच्या खांद्याच्या उंचीवर असाव्यात, आणि साहित्याच्या यादीत लहान तांब्या, लहान डाव, लहान झाडू आणि फडकी यांना खेळण्यांइतकेच नियमित स्थान मिळावे. जुन्या इमारतींत नळ खाली घेणे जमत नसेल, तर मोरीपाशी विटांची एक पायरी बांधून द्यावी. आमच्या तालुक्यात दोन ठिकाणी सेविकांनी ती स्वखर्चाने बांधून घेतली आहे आणि तिथली मुले हात धुवायला कोणालाही हाक मारत नाहीत.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्यसेविका